‘तुमच्या संस्थेचा सर्व्हर सापडत नाही’ : संगणकावरील परवान्याच्या तक्रारींना उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रकारच्या तक्रारीची आहेत. संगणक व्यवस्थित चालतो, कामही चालू असते आणि एखाद्या सकाळी पडद्यावर परवाना संपल्याचा, सापडत नसल्याचा किंवा चुकीचा असल्याचा संदेश येतो. बहुतेकांनी ‘लायसन्सचा काहीतरी एरर येतो’ एवढेच कळवले आहे, आणि एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही. ज्यांनी संदेश शब्दशः उतरवून किंवा त्याचे छायाचित्र काढून पाठवले, त्यांची पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. संदेशांतले एररचे संकेतांक येथे देवनागरीत छापले आहेत. पडद्यावर तेच रोमन अक्षरांत दिसतील.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क मंद झाल्यामुळे गेल्या वर्षी गावातल्या दुकानातून एसएसडी बसवून घेतली. ‘विंडोज प्रो टाकून दिली आहे, कायमची ॲक्टिव्हेट आहे’ असे दुकानदाराने सांगितले होते. आता मात्र ‘तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होत नसल्यामुळे विंडोज ॲक्टिव्हेट करता येत नाही’ असा संदेश येतो आणि खाली ०एक्ससी००४एफ०७४ असा क्रमांक असतो. मी किराणा दुकान चालवतो. माझी कोणतीही संस्था नाही. पुन्हा फॉरमॅट मारावा का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ‘माझी कोणतीही संस्था नाही’ या आपल्या वाक्यातच निदान आहे. परवाना म्हणजे एक गाठ असते. ती कधी पंचवीस अक्षरी किल्लीशी बांधलेली असते, कधी यंत्राशी, कधी आपल्या खात्याशी, तर कधी दूरच्या एखाद्या सर्व्हरशी. यांपैकी कोणती गाठ सुटली आहे हे संदेश जवळजवळ नेहमीच सांगत असतो, आणि आपल्या बाबतीत तो सर्व्हरचे नाव घेतो आहे.

मोठ्या कंपन्या, विद्यापीठे आणि शासकीय कार्यालये यांच्याकडे शेकडो संगणक असतात आणि प्रत्येकावर वेगळी किल्ली टाकत बसणे त्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘की मॅनेजमेंट सर्व्हिस’, म्हणजे केएमएस, ही व्यवस्था केली आहे. संस्थेच्या नेटवर्कवरचा एक सर्व्हर प्रत्येक संगणकाला १८० दिवसांची मुदत देतो, आणि संगणक साधारणपणे दर ७ दिवसांनी त्याच्याशी संपर्क साधून ती मुदत पुन्हा पूर्ण करून घेतो. किमान २५ संगणकांनी विचारणा केल्याशिवाय हा सर्व्हर विंडोजचा परवाना देतच नाही. किराणा दुकानातल्या एका लॅपटॉपवर अशी व्यवस्था असण्याचे काहीच कारण नाही. याचा सरळ अर्थ असा, की एसएसडी बसवताना आपल्या संगणकात एक क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्रॅम, टाकला गेला, त्याने संगणकाच्या आतच खोटा सर्व्हर उभा केला आणि विंडोजला तो आपल्या ‘संस्थेचा’ आहे असे भासवले. पुढे विंडोजच्या विषाणूरोधकाने तो क्रॅक काढून टाकला असेल किंवा एखाद्या अपडेटने तो बंद पडला असेल. खोटा सर्व्हर गेला, मुदत संपली आणि संदेश दिसू लागला.

माझा तर्क तपासून पाहायचा असेल तर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरे, एक मोकळी जागा, तिरपी रेघ (/) आणि डी-एल-आय असे रोमन अक्षरांत टाइप करून एन्टर दाबा. थोड्या वेळाने एक लहान खिडकी उघडेल. तिथल्या वर्णनात ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस’ हे शब्द असतील तर तर्क खरा ठरला. ‘ओईएम’ असेल तर परवाना यंत्राबरोबर आलेला असतो, आणि ‘रिटेल’ असेल तर तो स्वतंत्रपणे विकत घेतलेला किंवा त्या प्रकारचा असतो. ही तपासणी प्रत्येक वाचकाने एकदा करून ठेवावी. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्यात काहीही बिघडत नाही.

आता आपल्या उपयोगाची गोष्ट. आपला लॅपटॉप विंडोजसह विकला गेला असेल, तर मूळचा परवाना अजून आपल्याजवळच असण्याची शक्यता दाट आहे. विंडोज ८ पासून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या किल्ली मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डात कायम राहणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, लिहून ठेवतात. हार्ड डिस्क बदलली, फॉरमॅट केली, अगदी फेकून दिली तरी त्या किल्लीला धक्का लागत नाही. ती बहुधा विंडोज होमची असते. दुकानदाराने प्रो टाकल्यामुळे ती निरुपयोगी होऊन पडली आहे, आणि होमची किल्ली प्रोमध्ये टाइप करून चालत नाही. तसे केल्यास आवृत्ती जुळत नसल्याचा ०एक्ससी००४एफ२१२ हा दुसरा संदेश येईल. म्हणून आपल्या बाबतीत फॉरमॅट मारणे योग्यच आहे, मात्र तो त्याच दुकानात त्याच पद्धतीने नको. आपली कागदपत्रे, फोटो आणि हिशेबाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, त्यातली एखादी फाइल उघडून नक्कल नीट झाल्याची खात्री करा, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज तयार करा आणि ती बसवा. फर्मवेअरमध्ये विंडोज १० किंवा ११ ची किल्ली असेल तर बसवताना आवृत्ती विचारलीही जाणार नाही, ती होम आपोआप निवडली जाईल, आणि इंटरनेट जोडताच परवाना लागू होईल. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे आपल्या यंत्राला चालत असेल तर थेट विंडोज ११ बसवावी. विंडोज १० ची किल्ली तिला चालते.

किल्ली सापडलीच नाही तर परवाना विकत घ्यावा लागेल. ‘आयुष्यभराची किल्ली’ म्हणून ऑनलाइन काही शे रुपयांत जे विकले जाते, ते बहुतेकदा कोणत्यातरी संस्थेच्या सामुदायिक किल्लीचे तुकडे असतात. काही दिवस ते चालतात आणि मग ०एक्ससी००४सी००८, म्हणजे किल्ली मर्यादेपेक्षा जास्त संगणकांवर वापरली गेली, किंवा ०एक्ससी००४सी००३, म्हणजे किल्ली बंद करण्यात आली, असा संदेश येतो. विकणारा तोपर्यंत नाहीसा झालेला असतो.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. क्रॅक टाकताना विषाणूरोधक बंद करावा लागतो, आणि पुष्कळदा क्रॅकच्या फोल्डरला तपासणीतून कायमची सूट दिली जाते. त्याच संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करत असाल, तर नवी विंडोज बसवल्यानंतर सर्व पासवर्ड बदला. कायद्याचेही भान असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल तर कैद टाळण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. आपल्याला हे ठाऊक नव्हते. आता ठाऊक झाले आहे, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका.

प्रश्न : पावसाळ्यात वीज पडून आमच्या जुळवून घेतलेल्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. नवा बसवल्यावर सर्व फायली जशाच्या तशा मिळाल्या, पण विंडोज ‘या उपकरणाचे हार्डवेअर बदलले आहे’ म्हणून परवाना नाकारते. क्रमांक ०एक्ससी००४एफ२११. विंडोज आम्ही पैसे देऊन घेतली होती. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येथे यंत्राशी बांधलेली गाठ सुटली आहे. डिजिटल परवाना देताना विंडोज संगणकातील भागांवरून यंत्राची एक ओळख तयार करते, आणि त्या ओळखीत मदरबोर्डला सर्वांत जास्त वजन असते. रॅम वाढवली किंवा डिस्क बदलली तर सहसा काही होत नाही, परंतु बोर्ड बदलला की विंडोजच्या दृष्टीने तो नवाच संगणक ठरतो.

आपण स्वतंत्र, म्हणजे रिटेल, परवाना घेतला असल्यास तो नव्या बोर्डावर नेण्याचा आपल्याला हक्क आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग ॲक्टिव्हेशन येथे जा, ‘ट्रबलशूट’ दाबा आणि ‘मी अलीकडे या उपकरणाचे हार्डवेअर बदलले’ अशा अर्थाचा पर्याय निवडा. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर जुन्या संगणकांची यादी दिसेल. तिच्यातील आपले यंत्र निवडले की परवाना नव्या बोर्डाला जोडला जातो. अट एकच आहे : बोर्ड जळण्यापूर्वी तो परवाना त्या खात्याशी जोडलेला असला पाहिजे. आपण तो जोडला होता की नाही हे पत्रात लिहिलेले नाही. नसेल, तर खोक्यावरची पंचवीस अक्षरी किल्ली शोधून पुन्हा टाइप करावी, आणि तीही नाकारली गेली तर बिल हाताशी ठेवून मायक्रोसॉफ्टच्या साहाय्य विभागाशी बोलावे. ज्यांचा संगणक आज व्यवस्थित आहे त्यांनी ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला डिजिटल परवाना’ असे शब्द आहेत का, हे आजच पाहून घ्यावे. ही सोय २०१६ पासून आहे, तरी कित्येकांनी ती वापरलेली नाही.

यंत्राबरोबर आलेला ओईएम परवाना मात्र त्या बोर्डाबरोबरच जातो. बोर्ड बिघडला म्हणून यंत्र बनवणाऱ्या कंपनीनेच तसाच दुसरा बसवून दिला, तर नवा परवाना घ्यावा लागत नाही. लॅपटॉप दुरुस्तीहून परत घेताना तिथेच सुरू करून ॲक्टिव्हेशनचे पान पाहा. ‘उपकरणावर किल्ली सापडली नाही’ असे सांगणारा ०एक्ससी००४एफ२१३ हा क्रमांक दिसला तर नव्या बोर्डात किल्ली लिहायची राहिली आहे, आणि ती लिहून मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : रोज सकाळी संगणक सुरू केला की तीन-चार वेगवेगळे प्रोग्रॅम एकदमच परवान्याविषयी तक्रार करतात. संकेतस्थळेही ‘असुरक्षित’ म्हणून उघडत नाहीत. — एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : वेगवेगळ्या कंपन्यांचे परवाने एकाच सकाळी बिघडत नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहा. ती बहुधा कित्येक वर्षे मागे गेलेली असेल. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा एक चपटा सेल मदरबोर्डवर असतो, त्याचा क्रमांक सीआर२०३२ आणि दाब ३ व्होल्ट. तो संपला की तारीख मागे जाते, परवान्याची मुदत अजून सुरूच झालेली नाही असे प्रोग्रॅमला वाटते आणि संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रेही जुळत नाहीत. घड्याळवाल्याकडे मिळणारा हा सेल बदलून तारीख आणि ‘भारतीय प्रमाण वेळ’ हा विभाग नीट करा. तेवढ्याने काम होईल.

प्रश्न : मुलीच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेतला. बिलावर ‘ऑफिस होम अँड स्टुडंट, आजीवन’ असे छापले आहे. तरी वर्ड आता ‘सबस्क्रिप्शन संपले’ असे सांगते. फाइल उघडते, छापता येते, पण एक अक्षर बदलता येत नाही. दुकानदार म्हणतो, वर्षाचे पैसे भरा. — एक शिक्षक, नांदेड

उत्तर : पैसे भरू नका, निदान एवढ्यात तरी. मुलीच्या फायली सुरक्षित आहेत हे आधी तिला सांगा. परवाना नसलेले ऑफिस फायली पुसत नाही. ते फक्त लिहिण्याचे दार बंद करते.

अशा लॅपटॉपवर पुष्कळदा एकाच ऑफिसचे दोन परवाने असतात. एक असतो मायक्रोसॉफ्ट ३६५ या वर्गणीच्या सेवेचा, चाचणीपुरता, आणि दुसरा एकदाच पैसे घेतलेला कायमचा, जो यंत्राच्या किमतीतच धरलेला असतो. हा दुसरा परवाना आपोआप लागू होत नाही. पहिल्यांदा सुरू करताना तो मायक्रोसॉफ्टच्या एखाद्या खात्यावर नोंदवावा लागतो. घाईत बहुतेक जण चाचणीचे बटण दाबतात आणि महिन्याने हा संदेश येतो.

वर्डमध्ये ‘फाइल’ आणि मग ‘अकाउंट’ उघडा. उजवीकडे उत्पादनाचे नाव दिसेल आणि डावीकडे कोणत्या ई-मेलने प्रवेश केला आहे ते दिसेल. नाव ‘३६५’ असेल तर त्या खात्यातून बाहेर पडा आणि कायमचा परवाना ज्या खात्यावर नोंदला आहे त्याने प्रवेश करा. मुलीच्या महाविद्यालयाने दिलेले खाते, घरचे खाते आणि फोनसाठी काढलेले तिसरे खाते, अशी गल्लत घरोघरी असते, म्हणून प्रत्येक खात्याने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर जाऊन ‘सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स’ हे पान पाहा. परवाना जिथे असेल तिथे तो नावानिशी दिसतो.

कोणत्याच खात्यात तो दिसला नाही, तर मला एका वेगळ्याच गोष्टीची शंका येते. काही दुकानांत गिऱ्हाइकाची सोय म्हणून विक्रेता स्वतःच एक ई-मेल तयार करून लॅपटॉप सुरू करून देतो. परवाना मग त्या ई-मेलवर नोंदला जातो, आणि गिऱ्हाइकाला तो पत्ता किंवा पासवर्ड कधी कळतही नाही. आपल्या बाबतीत तसे झाले असेल तर बिल घेऊन दुकानात जा, त्या खात्याचा पासवर्ड आपल्यासमोर बदलून घ्या आणि त्यात दुकानाचा मोबाइल क्रमांक असेल तर तो काढून आपला घाला. बिलावर जे छापले आहे ते आपण विकत घेतले आहे; त्यासाठी पुन्हा वर्षाचे पैसे मागणे योग्य नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

प्रश्न : आमच्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि स्मरणिका वीस वर्षांपासून एकाच मराठी डीटीपी सॉफ्टवेअरवर होतात. त्याचे यूएसबी लॉक आहे. नव्या संगणकावर लॉक लावले की ‘की सापडत नाही, एच०००७’ असे येते. एक जण लॉकशिवाय चालवून देतो म्हणतो. — एक मुद्रक, पंढरपूर

उत्तर : लॉक म्हणजे छोटा संगणकच असतो. परवाना त्याच्या आत लिहिलेला असतो, आणि सॉफ्टवेअर त्याला वेळोवेळी प्रश्न विचारून खात्री करून घेते. आपला क्रमांक सेंटिनेल या प्रकारच्या लॉकचा आहे, आणि त्याचा अर्थ लॉक निकामी झाले असा नाही, तर सॉफ्टवेअरला ते दिसत नाही एवढाच आहे. या दोहोंत फार अंतर आहे.

प्रथम लॉकवरचा दिवा पाहा. तो लागत नसेल तर हबमधून काढून लॉक थेट संगणकाच्या मागच्या यूएसबीत लावा. जुनी लॉके पुढच्या सैल खाचांत नीट बसत नाहीत. दिवा लागत असूनही संदेश येत असेल तर ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला लॉकशी बोलायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, प्रश्न आहे. जुन्या सीडीवरचा ड्रायव्हर ३२ बिटच्या विंडोजसाठी लिहिलेला असतो आणि आजच्या ६४ बिटच्या विंडोजमध्ये तो चालत नाही. सीडीचा नाद सोडून लॉक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्यावा आणि तो बसवताना लॉक काढून ठेवावे. त्यानंतर ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी ‘लोकलहोस्ट’ हा शब्द रोमन अक्षरांत, मग दोन टिंबे आणि १९४७ हा आकडा लिहून पाहा. स्वातंत्र्याचे वर्ष असल्यामुळे तो एकदा वाचला की विसरत नाही. लॉकचे स्वतःचे पान उघडेल आणि जोडलेल्या लॉकांची यादी दिसेल. यादीत लॉक असेल तर ते जिवंत आहे, आणि राहिलेला दोष सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत शोधावा. काही वेळा विषाणूरोधकाची भिंत लॉकशी होणारे बोलणे अडवते, तेव्हा त्या सेवेला परवानगी द्यावी लागते.

लॉकशिवाय चालवून देणाऱ्याला मात्र नकार द्या. तो जे बसवेल ते विंडोजच्या अगदी आतल्या थरात जाऊन बसते, आणि गिऱ्हाइकांच्या फायली असलेल्या धंद्याच्या संगणकावर अशा अनोळखी गोष्टीला जागा असू नये. आपण परवान्याचे पैसे दिले आहेत, मग चोरवाटेने जायचे कारणच काय? सॉफ्टवेअरची कंपनी चालू असेल तर तिच्याशी बोला. जुने लॉक परत घेऊन नवे देण्याची पद्धत या धंद्यात आहे, त्याला थोडे शुल्क पडते.

वीस वर्षांचे काम त्या लॉकवर अवलंबून आहे, याची मला परवान्याहून जास्त काळजी वाटते. त्या काळच्या मराठी डीटीपीमध्ये अक्षरे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या सामाईक संकेतावलीत, नसत. प्रत्येक कंपनीची स्वतःची संकेतावली असे, आणि तो फाँट नसेल तर ‘शुभविवाह’ लिहिलेल्या जागी रोमन चिन्हांचा खच दिसतो. ज्या जुन्या संगणकावर लॉक आजही चालते तो मोडीत काढू नका. त्याचे इंटरनेट बंद ठेवा, त्यावर बसून महत्त्वाच्या सर्व फायलींची पीडीएफ करा, आणि स्मरणिकांसारखा पुन्हा लागणारा मजकूर युनिकोडमध्ये बदलून साध्या मजकूर-फायलीत ठेवा. युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, म्हणून एकदा मुद्रितशोधन करावेच लागेल. हे काम कंटाळवाणे आहे, पण लॉक हरवल्यानंतर ते करता येणार नाही.

प्रश्न : महाविद्यालयाने दिलेले डिझाइन सॉफ्टवेअर घरी कधी उणे १५, कधी उणे ४ आणि आता उणे ९ असे आकडे दाखवते. — अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : हे आकडे फ्लेक्सनेट या परवाना-व्यवस्थेचे आहेत. अभियांत्रिकीची कित्येक सॉफ्टवेअरे तीच वापरतात, त्यामुळे त्यांचा अर्थ सर्वत्र सारखा असतो. उणे १५ म्हणजे परवान्याच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही. घरून काम करताना महाविद्यालयाचा व्हीपीएन, म्हणजे घरचा संगणक महाविद्यालयाच्या नेटवर्कला जोडणारी सोय, सुरू केलेला नसला की हेच दिसते. उणे ४ म्हणजे सर्व्हर मिळाला, पण जितके परवाने घेतले आहेत तितके सर्व वापरात आहेत. अशा वेळी थांबायचे, आणि स्वतःचे काम संपल्यावर सॉफ्टवेअर बंद करायचे, म्हणजे दुसऱ्याला जागा होते.

उणे ९ वेगळा आहे. परवाना ज्या यंत्राच्या नावाने दिला गेला ते हे यंत्र नाही, असे तो सांगतो. यंत्राची ओळख पुष्कळदा नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावरून घेतली जाते. परवाना घेताना यूएसबीचा नेटवर्क ॲडॉप्टर लावलेला असेल आणि आता तो काढलेला असेल, तर त्याच लॅपटॉपची ओळख बदलते. तो ॲडॉप्टर लावून पाहा. वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेस’ चालू असेल तर तोही बंद करा. आणि मुदत संपलेला परवाना चालवण्यासाठी घड्याळ मागे नेण्याचा सल्ला वसतिगृहात कोणीतरी देईलच. तो ऐकू नका, कारण ही व्यवस्था ते ओळखते आणि उणे ८८ दाखवून थांबते.

प्रश्न : वडिलांच्या संगणकावर ‘तुमचा विंडोज परवाना संपला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे पूर्ण पडदाभर आले आणि आवाज वाजू लागला. त्यांनी फोन केला आणि समोरच्याने सांगितले तसे एक ॲप टाकून त्याला पडदा दाखवला. पैसे दिलेले नाहीत. — एक वाचक, ठाणे

उत्तर : हा परवान्याचा संदेशच नव्हता. ते ब्राउझरमध्ये उघडलेले एक फसवे पान होते. विंडोजच्या एररच्या खऱ्या संदेशात फोन क्रमांक कधीच नसतो. क्रमांक दिसला की पुढचे काही वाचायची गरज नाही, एफ-११ किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळांनी पडदा मोकळा करून ब्राउझर बंद करावा.

पैसे गेले नाहीत तरी समोरच्याने संगणक हाताळला आहे, म्हणून इंटरनेट लगेच तोडा, ते ॲप काढून टाका आणि विषाणूरोधकाने पूर्ण तपासणी करा. वडिलांच्या ई-मेलचा आणि बँकेचा पासवर्ड त्या संगणकावरून नव्हे, तर दुसऱ्या फोनवरून बदला आणि त्यांच्या बँकेला झालेला प्रकार कळवा. खात्यातून काही गेल्याचे दिसले तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर-मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा; जितक्या लवकर ती नोंदवली जाते तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता अधिक असते. आणि वडिलांना रागावू नका. पडदाभर लाल अक्षरे आणि कर्कश आवाज आला की जाणतेही गोंधळतात. ते पान त्यासाठीच बनवलेले असते.